जोडीचा भाव

पहिल्या दुकानात थोरलीला गादीची खुर्ची मिळाली, गार पाणी मिळालं, आणि 'मॅडम' तर इतक्या वेळा मिळालं की तिला वाटलं, भावही असाच सढळ हातानं मिळणार. काउंटरपलीकडच्या मुलीनं पेंडंट आधी मखमलीवर ठेवलं, मग काट्यावर ठेवलं, आत कुणाला तरी फोन लावला आणि गोड आवाजात सांगितलं, "सोन्याचे पैसे देऊ, मॅडम. हिरा आम्ही परत घेत नाही."

"का? नासतो का तो?"

"आमची पॉलिसी आहे, मॅडम."

थोरली उठली. ग्लासातलं उरलेलं पाणी मात्र पिऊन उठली. तेवढंच पदरात.

दुसऱ्या दुकानातला माणूस भिंगाला हातही न लावता म्हणाला, "पिवळा पडलाय." जणू हिरा म्हणजे बनियन. मग त्यानं एक आकडा सांगितला. थोरली दाराकडे वळल्यावर दुसरा सांगितला, ती दारापाशी पोचल्यावर तिसरा. रस्ता ओलांडेपर्यंत हा माणूस बहुतेक खऱ्या भावावर येईल असं तिला वाटून गेलं, पण तेवढ्यात बस आली.

थोरली पडदे शिवायची. पडदे, सोफ्याची कव्हरं, कुणाच्या गाडीच्या सीटा, जे येईल ते. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला, भाड्याची एक लांबोडकी खोली होती. राहायचं घर नावाला दुसरीकडे होतं, पण नवरा गेल्यापासून दिवस सगळा याच खोलीत जायचा. मधोमध कापड बेतायचं टेबल. ते इतकं लांब, की नवऱ्यानं आणि सुतारानं मिळून ते खोलीतच बांधलं होतं. बांधून झाल्यावर दोघांच्या लक्षात आलं की आता हे दारातूनही निघणार नाही आणि खिडकीतूनही नाही. नवरा म्हणाला होता, "निघायचंय कशाला?"

आता मालकाला खोली विकायची होती. "तुम्ही जुन्या भाडेकरू, पहिला हक्क तुमचा," असं तो म्हणाला आणि त्याच दमात म्हणाला की टायर ठेवायला गोदाम शोधणारा एक गृहस्थ रोज फोन करतोय. महिनाअखेर इसार द्यायचा, उरलेले लग्नसराईचा हंगाम संपायच्या आत. थोरलीकडे जे होतं ते इसारालाही पुरत नव्हतं. टायरवाला एकदा खोली बघूनही गेला. टेबलाचं काय करणार, असं थोरलीनं विचारलं, तर म्हणे, "करवतीनं दोन तुकडे करू, त्यात काय?"

म्हणून पेंडंट.

तिसरा पत्ता एका गिऱ्हाइकानं दिला होता. दोन जिने चढून गेल्यावर एक साधं दार, पाटी नाही. आत एक खोली, भलीमोठी खिडकी, आणि खिडकीला पडदा नाही. थोरलीच्या डोळ्यांत आधी तेच भरलं. खिडकीला लागून टेबल, टेबलाशी पांढऱ्या आखूड केसांची, जाड स्वेटर घातलेली बाई. ती फक्त जुने दागिने घ्यायची आणि विकायची, नव्याला हात लावायची नाही. तिचं नाव काहीतरी असणारच, पण सगळे तिला पारखीबाई म्हणत.

"बसा. काय आणलंय?"

"पेंडंट आहे. आईचं. आणि पैसे जरा लवकर हवेत."

"शेवटचं वाक्य परत घ्या," पारखीबाई हात पुढे करत म्हणाली. "मी ऐकलं नाही, आणि तुम्ही पुन्हा कुणापुढे म्हणू नका. विकणाऱ्याची घाई दिसली की समोरचा भाव पाडतो. मीसुद्धा."

तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि उजेडाकडे तोंड केलं. बराच वेळ ती दगड फिरवून फिरवून बघत राहिली. थोरलीनं तेवढ्यात नजरेनंच खिडकीचं माप घेऊन टाकलं.

"हे पेंडंट नाही."

थोरली टेबलावर वाकली. "खोटं आहे?"

"दगड खरा आहे, चांगला आहे. जुना, हातानं पैलू पाडलेला. मधोमध बारीक वर्तुळ दिसतंय? तेव्हा खालचं टोक ठेवत नसत, घासून सपाट करत. पिवळसर म्हणतील, म्हणू देत. या दगडांना ती झाक शोभते. पण हे पेंडंट नाही. मागून बघा. दांडी कापलीय आणि वर कडी डकवलीय, तीही कुणीतरी घाईघाईत. हे कानातलं आहे. दुसरं कुठंय?"

थोरलीनं पर्सचा बंद उगाचच सारखा केला.

"हरवलं?"

"नाही. धाकट्या बहिणीकडे आहे. आमच्याकडे वाटणी झाली."

पारखीबाईनं भिंग खाली ठेवलं. "कानातल्यांची?"

"एक तिला, एक मला."

"आणि कान किती दिले होते तुम्हाला आईनं?"

थोरलीला हसू आलं, पण ते तिनं आवरलं. आईवर परक्या माणसाबरोबर हसायची सवय नव्हती. धाकटीबरोबर होती, एके काळी.

आई न्यायी बाई होती. इतकी, की शेजारीपाजारी तिचा दाखला देत आणि मुलींना त्या दाखल्याचा वैताग येई. बिस्कीट एक उरलं तर ती पट्टी लावून मोडायची. भावंडांत फाटतं ते वाटणीवरून, हे तिनं माहेरी पाहिलं होतं. म्हणून तिनं हातीपायी धड असतानाच सगळं वाटलं, आणि वाटलं म्हणजे मधोमध वाटलं. सहा कपबशा होत्या, तीन इकडे, तीन तिकडे. पलंगाच्या दोन बाजूंना ठेवायचे दोन दिवे, एक इकडे, एक तिकडे. दोन खंडांचा शब्दकोश होता, त्याचा पहिला खंड थोरलीला आणि दुसरा धाकटीला. त्यामुळे दोघींनाही अर्धी भाषा बघायला एकमेकींकडे जावं लागे. थोरलीचा नवरा म्हणायचा, "तुझ्या आईचं चाललं तर कात्रीचं एकेक पातं देईल." धाकटीचा नवरा असं काही म्हणायचा नाही. त्याला सासू मायेनं जावईबापू म्हणायची आणि तो तिला घाबरायचा.

तशीच कानातली वाटली गेली. कुणी तक्रार केली नाही. न्यायाविरुद्ध तक्रार करायची तरी कशी? थोरलीनं कोपऱ्यावरच्या सोनाराकडून आपल्याला कडी लावून घेतली आणि ते पेंडंट डबीत ठेवून दिलं, कारण शिवताना गळ्यात काही लोंबलं की तिला सुचत नसे. धाकटीनं आपल्याची अंगठी केली आणि बोटात घातली ती घातलीच.

पुढे आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचंही तसंच झालं. दवाखान्यात एक आठवडा थोरलीनं राहायचं, एक आठवडा धाकटीनं. बदल रविवारी दुपारी. बरेच रविवार ठीक गेले. मग एका रविवारी थोरली निघाली, धाकटी जिन्यातच असेल असं समजून. धाकटीला वाटलं, संध्याकाळपर्यंत ताई आहे. त्या दुपारी आई गेली, तेव्हा ती कुणाच्याच आठवड्यात नव्हती. नर्स होती शेजारी, असं नंतर सांगण्यात आलं.

दोघी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं बोलणं थांबलं. जो काही निरोप असेल तो जावईबापू फोनवरून इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे करत, कसनुशा आवाजात.

"एकट्याचे इतके देते," पारखीबाईनं आकडा सांगितला. दुसऱ्या दुकानातल्या तिसऱ्या आकड्यापेक्षा तो बरा होता. पण खोलीच्या हिशेबात कुठंच बसत नव्हता.

"आणि जोडीचे?"

"जोडीचे दुप्पट नाहीत. त्याच्या कितीतरी वर. असे एकसारखे दोन दगड मिळायला लोक वाट बघत बसतात. एकटा दगड म्हणजे एका पायातली चप्पल. चांगली असली तरी कोण घेणार? आज मला विकू नका. बहिणीला घेऊन या."

"तुम्ही फारच भल्या आहात."

"भली कसली? जोडीत मलाही जास्त सुटतात."

धाकटी वीज कंपनीच्या तक्रारखिडकीवर बसायची. समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच 'नाही' म्हणायची तिला नोकरीमुळे सवय लागली होती. आणि तो 'नाही' ती इतक्या शांतपणे म्हणायची की माणसं आभार मानून जात.

दार जावईबापूंनी उघडलं. "अरे! ताई! या, या, या," म्हणाले आणि घाबरून थेट चहाच टाकायला गेले.

धाकटी सोफ्यावर बसली होती. सोफ्याचं कव्हर दुसऱ्या कुणीतरी शिवलं होतं, आणि शिवण कोपऱ्यात ओढत होती. थोरलीनं ते पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

"कोण आजारी आहे?" धाकटीनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग?"

थोरलीनं सगळं सांगितलं. मालक, टायरवाला, पारखीबाई, जोडी. सांगताना तिची नजर धाकटीच्या बोटाकडे जात होती. अंगठी तिथंच होती, बोटात चांगली रुतलेली.

"म्हणजे तुझ्या खोलीसाठी माझी अंगठी."

"तुझे पैसे तुला मिळतील की. नुसत्या अंगठीचे मिळाले असते त्याहून जास्त."

"मला पैसे नकोत, पैसे आहेत. मला अंगठी हवीय. त्यापेक्षा असं कर, तुझं मला विक. ती बाई एकट्याचे जे देते ते मी देते, वर थोडे. मी कानातली करून घेते."

"एकट्याच्या भावात? आणि जोडी तुझी होणार?"

"मग? घाई तुला आहे, ताई. मला नाही."

थोरलीला पारखीबाईचं बोलणं आठवलं आणि स्वतःचाच राग आला. आल्या आल्या महिनाअखेर तिनंच सांगून टाकली होती.

जावईबापू ट्रे घेऊन आले. "मी काय म्हणतो—"

"तुम्ही काही म्हणू नका," दोघी एकदम म्हणाल्या.

दोन वर्षांत दोघींनी मिळून केलेली ही पहिलीच गोष्ट. जावईबापूंना ती इतकी आवडली की ते हसत हसत आत निघून गेले.

थोरली चहा न पिता उठली. पाणी पिऊन उठणारी बाई चहा ठेवून उठली, म्हणजे बघा. "खोलीत टायर भरले तरी चालतील," दारात वळून ती म्हणाली, "पण एकट्याच्या भावात तुला नाही देणार."

"नको देऊस."

"नाहीच देणार."

"मग नकोच देऊस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. जावईबापूंचा नाही, खुद्द धाकटीचा.

"उद्या अर्धी रजा टाकलीय. ती तुझी बाई काय म्हणते ते ऐकायचंय. विकीन असं मी म्हटलेलं नाही."

"मी कुठं म्हणतेय तू म्हटलंस?"

"म्हणायच्या आधीच सांगून ठेवलं."

तर अशा दोघी पारखीबाईच्या टेबलाशी बसल्या, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून. पारखीबाईनं पेंडंट कापडावर ठेवलं आणि धाकटीपुढे हात केला. "काढा."

अंगठी निघेना.

धाकटीनं ओढली, फिरवली, बोट तोंडात घालून ओलं केलं. पारखीबाईनं साबण दिला. बोट लाल झालं, अंगठी होती तिथंच.

"शेवटची कधी काढली होतीत?"

"काढली नव्हती. आणि तेव्हा मी बारीक होते."

पारखीबाईनं खणातून एक चिमट्यासारखं हत्यार काढलं, त्याला छोटीशी दातेरी चकती. "कडं कापते. दुखत नाही."

"कापायचं नाही!" धाकटीनं हात छातीशी घेतला. तक्रारखिडकीवरचा आवाज पार गेला होता. "काहीही कापायचं नाही आता."

थोरली उठून रिकाम्या खुर्चीवर सरकली. पर्समध्ये सुई-दोरा होताच. तो नसेल तर तिला घरातून निघाल्यासारखं वाटत नसे. "हात दे."

"काय करणारेस?"

"दे म्हटलं ना, चिमे."

चिमी हे नाव घरातलं. आई गेल्यावर ते कुणी घेतलं नव्हतं. धाकटीनं हात दिला.

थोरलीनं दोऱ्याचं एक टोक सुईच्या मागच्या बाजूनं अलगद अंगठीखालून सरकवलं. उरलेला दोरा ती बोटाभोवती गुंडाळू लागली, वेढ्याला वेढा लावून, घट्ट, पेराकडे. बोट दोऱ्याखाली आवळत गेलं.

"आई गं. जरा हळू."

"हळू केलं तर निघणार नाही. दम धर."

धाकटीनं दम धरला. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी आठवडा माझा होता की तुझा, हे मी अजून मोजत असते."

थोरलीचा हात थांबला नाही. "मीही."

"दुपारी म्हणजे किती वाजता, हे आपण कधी ठरवलंच नव्हतं."

"आईनं ठरवलं असतं." थोरलीनं पेरावर शेवटचा वेढा घेतला. "दोन कापडं जोडायची तर शिवणीला दोन्हीकडून माया सोडावी लागते, बोटभर तरी. आपण काठोकाठ कापलं. मी थोडी थांबले असते, तू थोडी आधी आली असतीस, तर काय बिघडलं असतं?"

"कुणाचं काही बिघडलं नसतं," धाकटी म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "आता तुझं शिवणकाम पुरे. बोट निळं पडलं माझं."

थोरलीनं अंगठीखालचं टोक धरलं आणि दोरा उलटा सोडवायला घेतला. एकेक वेढा सुटत गेला, तशी अंगठी एकेक वेढा पुढे सरकत गेली. पेरावर अडली, धाकटी ओरडली, आणि पुढच्या क्षणी अंगठी टेबलावर टणकन पडून गोल फिरत राहिली.

"हे मला शिकवून ठेवा," पारखीबाई म्हणाली. "माझ्याकडे आठवड्यातून एक तरी बाई रडते."

तिनं दोन्ही दगड शेजारी ठेवले. कापड काळं होतं, उजेड खिडकीचा. दोन्हींत तीच मऊ पिवळसर झाक, दोन्हींच्या मध्ये तेच बारीक वर्तुळ. आईच्या कानांत ते मुलींनी किती वेळा पाहिले असतील, पण असे समोर, एका नजरेत, कधीच नाही. आई सतत डोकं हलवून कुणाला तरी काहीतरी समजावत असायची.

पारखीबाईनं भिंग लावलं. आधी थोरलीचा बघितला, मग धाकटीचा. धाकटीचा जरा जास्तच वेळ.

"याच्या काठाला टवका उडालाय. लहानसाच. रोज वापरलात ना? भांडी, नळ, दाराच्या कड्या. हिरा झिजत नाही, पण काठावर ठोकर बसली तर टवका उडतो."

धाकटीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याचे कमी?"

"जोडीत माझ्याचे-तुझ्याचे असं नसतं. कमी असेल त्याचा भाव दोन्हींना लागतो."

आता थोरली बोलणार, हे धाकटीला माहीत होतं. तिनं खांदे आवळून तयारीही केली. डबीत जपून ठेवलेल्याला बोटात घालून मिरवलेल्याचा भाव! एवढं आयतं वाक्य थोरलीच्या जिभेवर येऊन बसलंच होतं. तिनं ते गिळलं. सोपं गेलं असं नाही.

"घातला म्हणून उडाला," ती म्हणाली. "माझा कुणी बघितलासुद्धा नाही. पुढे सांगा."

पारखीबाईनं पुढे सांगितलं. आज विकत घेईन तर इतके. काठाचा टवका धरून. आणि माझ्याकडे ठेवून गेलात, मी पुन्हा कानातली बांधून योग्य गिऱ्हाईक शोधलं, तर याहून पुष्कळ जास्त, त्यात माझा हिस्सा. पण कधी विकलं जाईल ते सांगता येत नाही.

थोरलीनं मनात गणित केलं. आजच्या पैशांतला तिचा अर्धा वाटा घेतला तर इसार फिटत होता, खोली नाही. थांबलं तर खोली होत होती, पण महिनाअखेर हुकत होती. दोन्हीकडून टायरच आत येत होते.

"हिस्सा किती तुमचा?" धाकटीनं विचारलं.

पारखीबाईनं सांगितला.

"नाही," धाकटी शांतपणे म्हणाली. तक्रारखिडकीवरचा आवाज परत आला होता. "नवी दांडी बसवायचं सोनं माझ्या अंगठीच्या कड्यातून घ्यायचं, घडणावळ तुमची, आणि हिस्सा यापेक्षा कमी. आणि आम्ही सांगू त्या भावाच्या खाली आम्हाला न विचारता द्यायचं नाही."

"तुम्ही काय करता?"

"वीजबिलाच्या तक्रारी ऐकते."

पारखीबाईनं थोरलीकडे पाहिलं. "यांना आधी का नाही आणलंत?"

घासाघीस बराच वेळ चालली. थोरली ऐकत राहिली. लहानपणी बिस्किटाचा मोठा तुकडा हिच्याकडेच कसा जायचा, हे कोडं तिला आज उलगडलं. पट्टी आई लावायची, पण मोडायच्या आधी धाकटी आईशी बोलत असायची.

शेवटी पारखीबाईनं हात टेकले आणि पावती लिहायला घेतली.

"माझी खोली जाईल गं," थोरली हळूच म्हणाली. "इसाराची तारीख थांबणार नाही."

"इसार मी भरते. माझ्या पैशातून."

"आणि?"

"आणि काय?"

"तू काही फुकट देत नाहीस, चिमे."

"नाहीच देत. जोडीचे येतील ते सगळे खोलीत घालायचे, माझेही. आणि खोलीवर नावं दोघींची."

"खोली माझी आहे."

"तुझी कुठंय? मालकाची आहे."

पावती घेऊन दोघी जिना उतरल्या. खालच्या वळणावर थोरली थांबली. खोलीचं दार आपल्या किल्लीनं उघडायचं आणि आपल्या मनानं बंद करायचं, एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा होता. नवरा गेल्यावर लोक तिला हजार सल्ले देत, तेव्हा ती त्या खोलीत शिरायची आणि मशीन चालू करायची. मशीनच्या आवाजात सल्ला ऐकू येत नाही.

"तू मध्ये मध्ये करशील," ती म्हणाली.

"करणार."

"गिऱ्हाइकांना कापड तू सांगशील. तुला रंगातलं काही कळत नाही."

"कळत नाही, पण सांगणार."

"सुट्टीच्या दिवशी येऊन बसशील."

"मग कुठं जाऊ, ताई?" धाकटी म्हणाली. बोटाच्या उघड्या पडलेल्या जागेवर ती दुसऱ्या हातानं चोळत होती. "सुट्टीला मी कुठं जाते, ते तरी विचारलंस का कधी? कुठंच जात नाही."

थोरली कठड्याला धरून उभी राहिली. वरून कुणीतरी खाली येत होतं, त्याला वाट द्यायला दोघींना एका पायरीवर सरकावं लागलं.

"किल्ली एकच करायची नाही," शेवटी थोरली म्हणाली. "तुझी तुला, माझी मला."

"बरं."

"आणि मशीनला हात लावायचा नाही."

"ते बघू."

इसार भरला गेला. टायरवाल्याचे फोन मात्र चालूच राहिले, कारण मालकाला वाटत होतं की या बायांकडून उरलेलं काही यायचं नाही. दिवस पुढे सरकत होते आणि पारखीबाई काही बोलत नव्हती. एकदा फोन आला, तो एका गिऱ्हाइकाचा आकडा सांगायला. ठरलेल्यापेक्षा थोडा कमी. थोरली 'हो' म्हणणार होती. तिनं धाकटीला विचारलं, धाकटी म्हणाली, "नाही." ते काही दिवस थोरलीला झोप आली नाही, आणि शिवताना तिनं एका पडद्याची उलटी बाजू सुलट शिवली. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तिनं धाकटीला फोन करून सांगितलं, "खोली गेली तर तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे," धाकटी म्हणाली. "लिहून देऊ?"

हंगाम सरत आला तेव्हा पारखीबाईचा पुन्हा फोन आला. तेच गिऱ्हाईक परत आलं होतं. बाकी कुठं अशी जोडी मिळाली नव्हती म्हणून, आता ठरलेला भाव द्यायला तयार होतं. वर पारखीबाईनं आपणहून थोडे चढवून घेतले होते.

"कोण आहे?" थोरलीनं विचारलं.

"ते सांगत नसतात. पण तिला कान दोन आहेत."

फोन ठेवल्यावर थोरली टेबलाशी बसून राहिली. मग तिनं धाकटीच्या कचेरीत फोन लावला, आणि 'कृपया तक्रार क्रमांक सांगा' असं धाकटीच्या तोंडून पुरं ऐकून घेतलं. "खोली मिळाली," ती म्हणाली. पलीकडून रांगेतल्या माणसांचा आवाज येत होता. "मग रडतेस काय?" धाकटी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मालकानं पैसे घेतले, कागदावर दोघींची नावं चढली. त्यानंतर पहिल्याच सुट्टीला धाकटी आपल्या किल्लीनं दार उघडून आत आली. तिनं खिडकीखालची खुर्ची पटकावली, जावईबापूंनी दिलेला डबा टेबलाच्या टोकाला ठेवला आणि म्हणाली, "काय करू?"

"काही करू नकोस."

"मालकीण आहे मी."

थोरलीनं तिला एका पडद्याची किनार हातानं दुमडून टिपायला दिली. मशीनला हात लागू नये म्हणून. धाकटी दिवसभर ती टिपत बसली, बोलत बसली, आणि एका गिऱ्हाइकाला तिनं जांभळा रंग घ्यायला लावला. धाकटी गेल्यावर थोरलीनं पडदा उजेडात धरला. टाके नाल्याच्या काठासारखे वाकडे गेले होते. पडदा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. तिनं दिवा जवळ ओढला, किनार सगळी उसवली आणि नव्यानं घातली.

पुढच्या सुट्टीला धाकटी आली, तेव्हा तो पडदा गेलेला होता. तरी तिनं आल्या आल्या विचारलं, "उसवलंस ना?"

थोरलीनं मशीन थांबवलं. नाही म्हणता आलं असतं.

"हो. वाकडं होतं."

"किती?"

"सगळंच."

धाकटीनं जराशी मान हलवली, जशी खिडकीवर एखादी तक्रार खरी निघाल्यावर ती हलवत असेल. मग तिनं खुर्ची उचलली, टेबलाच्या या बाजूला, थोरलीच्या शेजारी आणून ठेवली आणि बसली.

"मग दाखव," ती म्हणाली. "आणि ओरडायचं नाही."

थोरलीनं सुई ओवली. धाकटीच्या पहिल्याच टाक्याला ती ओरडली.